सुधारित कोटेशन

"शैलाबाई, या वेळची लॅपटॉपची खरेदी यशोधन बघेल," भाईजी म्हणाले आणि टेबलावरची फाइल त्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे सरकवली. "तुम्ही नेहमीसारखं तपासून ऑर्डर काढा, बस."

शेजारच्या खुर्चीत यशोधन लोमटे बसला होता. अंबाजोगाईचा, एकोणतीस वर्षांचा, पुण्याहून कॉम्प्युटरचं शिकून आलेला. आमच्या जालन्याच्या बियाण्यांच्या कंपनीत त्याला आठ महिने झाले होते. मला सतरा वर्षं झाली होती. २००९ सालची ही गोष्ट.

तोपर्यंत कंपनीत सुईसुद्धा माझ्या सहीशिवाय आली नव्हती. बारदान, पाकिटांचा कागद, गोदामाचे पत्रे, भाईजींच्या केबिनमधला एसी, सगळं मी आणलेलं. भाईजी म्हणजे आमचे मालक, मणियारशेठ. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ते आधी मला बोलवायचे आणि विचारायचे, "शैलाबाई, तुम्हाला काय वाटतं?" भेंडीच्या पाकिटावर हिरवा कोणता छापायचा, हेही त्यांनी मला विचारलेलं होतं. माझं शिक्षण बी.कॉम., तेही बाहेरून परीक्षा देऊन. पण त्या एका प्रश्नामुळे ऑफिसात माझ्या टेबलापुढून जाताना माणसं जरा हळू चालायची.

लॅपटॉप हवे होते ते फील्डवरच्या लोकांसाठी. मराठवाडा, विदर्भ, खानदेश मिळून आमची पंचेचाळीस माणसं गावोगाव फिरून दुकानदारांकडून खरिपाच्या बियाण्यांची आगाऊ नोंदणी घ्यायची. कागदावर घेतलेली नोंदणी जालन्याला पोचेपर्यंत आठ दिवस जायचे. यशोधनने एक सॉफ्टवेअर तयार करून घेतलं होतं. दुकानात बसल्या बसल्या नोंदणी भरायची, संध्याकाळी ती इथे दिसणार. भाईजी त्यावर इतके खूश होते की येईल त्या पाहुण्याला यशोधनला बोलावून ते दाखवायला लावायचे.

त्या दिवशी केबिनमध्ये यशोधन म्हणाला, "भाईजी, पंचेचाळीसऐवजी सेहेचाळीस घेऊया. एक ताईंसाठी."

भाईजी हसले. "शैलाबाईंना कशाला? त्यांची पेन्सिल पुरे आहे."

यशोधनही हसला. मीसुद्धा हसले. बाहेर येऊन टेबलाशी बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते.

त्या पेन्सिलीचं सांगायला हवं. कुठलाही कागद तपासताना मी प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करत असे. जिथे शंका असेल तिथे खूण न करता नुसता ठिपका द्यायचा. शंका फिटली की ठिपक्यावर खूण. ठिपका उघडा असेपर्यंत ऑर्डर जायची नाही. यशोधन नवीन होता तेव्हा ही पद्धत मीच त्याला शिकवली होती. तो शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि शाळेतल्या मुलासारखं विचारायचा, आणि मला ते आवडायचंही. तो मला ताई म्हणायचा. मी त्याला पहिल्या महिन्यात लोमटे म्हणत होते, मग यशोधन म्हणायला लागले. त्याच्या डब्यात भाजी नसली तर माझ्यातली देत होते. हे सगळं खरं आहे आणि पुढचंही खरं आहे.

मला नक्की कधीपासून खुपायला लागलं ते सांगता येणार नाही. एक दिवस भाईजी आमच्या टेबलांजवळ आले. माझ्या हातात नव्या बारदानाचा नमुना होता. मी उठून उभी राहिले. ते माझ्या अंगावरून पलीकडे बघत म्हणाले, "यशोधन, तुला काय वाटतं?" बारदानाबद्दल. त्याला बारदानातलं काय कळत होतं? आणि मग मला असंही लक्षात आलं, की ते त्याला 'तू' म्हणतात. मला सतरा वर्षं 'तुम्ही' होतं. तोपर्यंत तो मला मान वाटत आला होता.

एप्रिलमध्ये औरंगाबादच्या तीन व्यापाऱ्यांची कोटेशनं आली. यशोधन दोनदा तिकडे जाऊन आला, मशिनं हाताळून आला, एका व्यापाऱ्याशी त्याने भाव ठरवला. त्या व्यापाऱ्याचं कोटेशन मी ओळीओळीने तपासलं. सगळं ठीक होतं. मॉडेल, मेमरी, बॅटरी, वॉरंटी आणि शेवटच्या ओळीत विंडोज.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाईजी परभणीला दुकानदारांच्या मेळाव्याला निघाले आणि यशोधनला आपल्याबरोबर गाडीत घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होते. भाईजींच्या गाडीत मी कधी बसले नव्हते. कामासाठी औरंगाबादला जायचं तर एस.टी.ने जायचे आणि तिकीट जोडून द्यायचे. यशोधन मागच्या सीटवर भाईजींच्या शेजारी बसला. ड्रायव्हरने त्याची बॅग डिकीत ठेवली.

अकराच्या सुमाराला यशोधनचा फोन आला. व्यापाऱ्याने भाव अजून खाली आणलाय, सुधारित कोटेशन मेलवर पाठवलंय, त्याची प्रिंट काढून आजच्या आज ऑर्डर पाठवा, नाहीतर तो माल दुसरीकडे जाईल, असं त्याने सांगितलं. तू बघितलंयस का, असं मी विचारलं. गाडीत कुठे बघणार, फोनवर बोलणं झालंय, मॉडेल तेच आहे, तो म्हणाला.

मी प्रिंट काढली. जुनं कोटेशन डावीकडे ठेवलं, नवं उजवीकडे, आणि पट्टी लावून खाली येत गेले. मॉडेलच्या नंबरात शेवटचं एक अक्षर बदललं होतं. आणि विंडोजची ओळ नव्या कागदावर नव्हतीच. वॉरंटीनंतर एकदम सही-शिक्का.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी हिशेब विभागासाठी घेतलेलं एक मशीन असंच विंडोजशिवाय आलं होतं आणि ते आठवडाभर नुसतं टेबलावर बसून होतं. काय गळलंय ते मला लगेच समजलं. भाव का उतरला तेही समजलं. मी नव्या मॉडेल नंबरापुढे ठिपका दिला.

मग यशोधनला फोन लावला. हे मी आजही स्वतःला सांगते, की मी फोन लावला होता.

फोन उचलला तेव्हा गाडीत भाईजी मोठ्याने हसत होते. ते असे हसताना मी क्वचितच ऐकलं होतं. यशोधनच्या आवाजातही ते हसू उरलं होतं.

"हं ताई, बोला. काही अडचण आहे का?"

मागून भाईजींचा आवाज आला, "कोण, शैलाबाई? त्यांना म्हणावं, लवकर उरका."

"नाही," मी म्हणाले. "ऑर्डर पाठवते आहे, एवढंच सांगायला केला."

"थँक यू ताई."

मी ऑर्डर टाइप केली, सही केली, फॅक्स केला. फाइल बांधून कपाटात ठेवली. दुपारी जेवताना मला छान भूक लागली होती.

माल यायला बारा मे उजाडली. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण ठेवलेलं. पंचेचाळीस माणसं जळगाव, वाशीम, नांदेड अशी कुठून कुठून आली होती. खोकी हॉलमध्ये भिंतीला लावून रचली होती. भाईजींनी गुरुजींना बोलावलं होतं. पहिला लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग भाईजींनी यशोधनला पुढे बोलावलं आणि म्हणाले, तूच सुरू कर.

यशोधनने बटण दाबलं. पडदा काळा झाला, वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिच्यापुढे एक बारीक रेघ उघडझाप करत राहिली. त्याने बंद करून पुन्हा सुरू केला. मग दुसरं खोकं फोडलं, तिसरं फोडलं. चौथंही तसंच निघालं. मी शेवटच्या रांगेत प्रसादाचं ताट घेऊन उभी होते. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला बरं वाटत होतं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

व्यापाऱ्याने फोनवर हात वर केले. तुमच्याच माणसाला कमी भाव हवा होता, सुधारित कोटेशनमध्ये विंडोज कुठे लिहिलंय दाखवा, असं तो म्हणाला. सगळी मशिनं तयार होईपर्यंत नोंदणीचे दिवस संपणार होते, म्हणून आलेली माणसं दोन दिवस थांबून जुनेच नोंदणीचे कागद घेऊन परत गेली. त्या हंगामात विदर्भातले बरेच दुकानदार दुसऱ्या कंपनीकडे वळले.

पूजा झाली त्याच दुपारी यशोधन माझ्या टेबलाशी आला. "ताई, लॅपटॉपची फाइल द्या. भाईजींनी मागितली आहे."

मी कपाटातून काढून दिली. ठिपक्याची मला आठवणच राहिली नव्हती. त्याने उभ्या उभ्या पानं उलटली. सुधारित कोटेशनवर त्याचं बोट थांबलं. सगळ्या ओळींपुढे खुणा होत्या आणि मॉडेलच्या नंबरापुढे उघडा ठिपका.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने माझ्या पेनस्टँडमधून खोडरबर घेतलं, कागद टेबलावर टेकवला, ठिपका खोडला, कचरा फुंकून टाकला. रबर जागेवर ठेवलं आणि फाइल घेऊन केबिनमध्ये गेला.

आत काय झालं ते मला संध्याकाळी भाईजींकडून कळलं. यशोधनने सांगितलं होतं की चूक सर्वस्वी त्याची. त्याने ताईंना घाई केली, तपासायला वेळच दिला नाही. भाईजी मला म्हणाले, "माझंच चुकलं, शैलाबाई. यापुढे तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय काहीही नको." आणि परवा औरंगाबादला व्यापाऱ्याकडे जायचंय, तुम्ही बरोबर चला, असंही म्हणाले.

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. खरेदी परत माझ्याकडे आली. भाईजींचा प्रश्न परत माझ्याकडे आला. गाडीतली जागासुद्धा मिळाली.

पण त्या दोन दिवसांत मी हॉलच्या दारावरून जितक्या वेळा गेले तितक्या वेळा थांबले. यशोधनने पुण्याच्या कुणा मित्राकडून मदत मागवून विंडोजचे परवाने आणायची व्यवस्था केली होती. एकेका मशीनवर विंडोज घालत तो जमिनीवर सतरंजी टाकून बसलेला असायचा. फील्डवरची जी माणसं अजून गेली नव्हती ती त्याच्याभोवती बसलेली. कुणी खोकी उचलून देतंय, कुणी चहा आणतंय. वाशीमचा एक वयस्कर माणूस त्याला म्हणत होता, "साहेब, होतं असं. पेरलेलं सगळंच कुठे उगवतं." आणि यशोधन हसत होता. त्याच्यामुळे यांचा हंगाम बुडाला होता आणि ते त्याला चहा पाजत होते. माझ्यासाठी सतरा वर्षांत कुणी चहा आणला नव्हता. तो मला बघायचा आणि नेहमीसारखाच म्हणायचा, "या ना, ताई."

तो मला काहीतरी बोलला असता, एकदा तरी ओरडला असता, तर बरं झालं असतं.

औरंगाबादला व्यापाऱ्याने थोडीफार सूट कबूल केली. परतताना मी भाईजींच्या शेजारी मागच्या सीटवर बसले होते. भाईजी खुशीत होते. माझ्या बोलण्यामुळेच तो नरमला, असं म्हणत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरगं चांगलं आहे पण. चूक अंगावर घेतली. अशी माणसं मिळत नाहीत."

करमाड मागे गेलं होतं. मी म्हणाले, "भाईजी, ती चूक मला आधीच दिसली होती."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. ठिपका, फोन, खोडरबर. ड्रायव्हर ऐकत होता तरी सांगितलं. बदनापूरला त्यांनी एकच विचारलं.

"यशोधनला हे माहीत होतं?"

"हो. त्यानेच खोडला."

"म्हणजे तुम्ही दोघंही माझ्याशी खोटं बोललात."

मी हा विचार केलाच नव्हता. मी घाईघाईने म्हणाले की त्याचं त्यात काही नाही, त्याने मला वाचवायला केलं. भाईजींनी हात वर करून मला थांबवलं.

आठवड्याने माझी बदली गावाबाहेरच्या बीजप्रक्रिया केंद्रावर झाली. तिथे बारदानाचं गोदाम होतं आणि ते सांभाळायला एक माणूस हवा होता. यशोधनला कुणी काही बोललं नाही. पण कॉम्प्युटरचा नवा विभाग त्याच्या हाताखाली होणार होता, तो भाईजींच्या पुतण्याकडे गेला. पाहुण्यांसमोर त्याला बोलावणं थांबलं. दिवाळीच्या आधी त्याने राजीनामा दिला, हैदराबादला नोकरी बघितली.

कंपनी सोडताना प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागायची, तुमच्याकडे आमची काही वस्तू नाही म्हणून. गोदामाची सही माझी. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तो हा कागद घेऊन केंद्रावर आला. बारदानाच्या थप्प्यांमध्ये माझं टेबल होतं. मे महिन्यानंतर आम्ही दोघंच समोरासमोर असे पहिल्यांदाच आलो होतो.

मी कागद घेतला, पण सही लगेच केली नाही.

तो म्हणाला, "ताई, एक विचारू? भाईजींना सांगितलंत ते माझ्यासाठी सांगितलंत का?"

हो म्हणणं सोपं होतं. ऑफिसात सगळे तसंच समजत होते. शैलाताईंना राहवलं नाही, पोरावर आळ आलेला बघवला नाही, असं बोललं जात होतं. घरी यजमानांनाही मी तेच सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तू सगळं अंगावर घेतलंस आणि माझ्यापेक्षा मोठा झालास. भाईजी तुझं कौतुक करत होते. मला ते ऐकवेना. तुझं यात काय होईल ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

तो थप्पीला टेकून उभा होता. म्हणाला, "मी ठिपका तुम्हाला वाचवायला खोडला, असं वाटलं तुम्हाला?"

मी पेन खाली ठेवलं.

"भाईजी दिवसातून चारदा तुमचं नाव घ्यायचे," तो म्हणाला. "शैलाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. शैलाबाईंकडून शीक. मी सॉफ्टवेअर दाखवलं तरी म्हणायचे, हे शैलाबाईंना एकदा दाखव. आठ महिने ऐकत होतो. आणि नेमकी ती चूक तुम्ही पेन्सिलीने पकडलेली. मी इंजिनिअर, मला दिसली नाही. तो ठिपका भाईजींनी बघितला असता, तर तुम्ही गप्प बसलात हे त्यांना नंतर कळलं असतं. आधी काय कळलं असतं? की शैलाबाईंना दिसलं आणि याला दिसलं नाही. ते मला नको होतं. तुमचा विचार माझ्या मनात नंतर आला. लोक चांगलं म्हणायला लागले, मग मीही तसंच धरून चाललो."

बाहेर वाळवणावर बाया सोयाबीन पसरत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मला राग यायला हवा होता की नाही, कोण जाणे. मे महिन्यापासून छातीवर जे बसलं होतं ते मात्र हललं. हा पोरगा मला मनातल्या मनात इतके दिवस माझ्यापेक्षा वर बसलेला दिसत होता, तो तिथे कधी नव्हताच. माझ्याच बाकावर बसला होता.

"आठ महिने?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून," तो म्हणाला.

मी सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्यापुढे ठेवला. चहा घेणार का, असं विचारलं. साडेचारची गाडी आहे, बॅग स्टँडवर ठेवून आलोय, तो म्हणाला. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि दारापर्यंत गेला.

मग वळून परत आला, एक बारदानाची गठडी ओढली आणि तिच्यावर बसला.

"साखर कमी सांगा, ताई," तो म्हणाला.